वाकड्या अणूचे मास्तर

हेडमास्तरांनी ती गोळी पेपरमिंटची समजून तोंडात टाकली, तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही चार-पाच शिक्षक होतो. गोळीचे मालक, आमचे सायन्सचे मास्तर, खिडकीशी उभे राहून तपकीर ओढत होते. ते वळले, हेडमास्तरांचे गाल हलताना त्यांनी पाहिले आणि खोली दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "चोखू नका हो, चावा! दाबल्याशिवाय तिच्यातून वीज निघत नाही!"

हेडमास्तरांनी गोळी थुंकली. मास्तरांनी ती जमिनीवरून उचलली, धोतराच्या सोग्याला पुसली, उजेडात धरून तिला चीर गेली आहे का ते पाहिलं आणि कोटाच्या खिशात टाकली. हेडमास्तरांना काही झालंय का, हे बघायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. हेडमास्तर मात्र दुपारभर मधूनमधून जीभ बाहेर काढून आरशात बघत होते.

ती गोळी बेरियम टायटॅनेटची होती. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते एखाद्या पोटदुखीच्या औषधाचं वाटलं होतं. मी त्या हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि मास्तर सायन्स. एकोणीसशे साठच्या आगेमागे, मालवणच्या किनाऱ्याला लागून असलेल्या त्या गावात वीज अजून आली नव्हती, आणि त्या विजेविना गावात हा माणूस खिशात वीज घेऊन फिरत होता. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांचे पुतणे हयात आहेत आणि त्यांना विनोद कळत नाही.

फोंडाघाट उतरून आलेले म्हणून गाव त्यांना सुरुवातीला 'घाटी मास्तर' म्हणे. मुलांनी लवकरच त्यांचं नामकरण 'ठोकळो' असं केलं. कारण कुठलाही धडा असो, मास्तर वर्गात येताना बगलेत देवदाराचं एक चौकोनी खोकं घेऊन येत. खोक्याच्या आठ कोपऱ्यांत आठ सुपाऱ्या ठोकलेल्या, सहा बाजूंच्या मधोमध सहा रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, टोचलेले आणि आत, दोऱ्याला टांगलेला, एक काजू. सुपाऱ्या म्हणजे बेरियम, रातांबे म्हणजे ऑक्सिजन, काजू म्हणजे टायटॅनियम. "ही पेरोव्हस्काइटची मांडणी," ते सांगत, आणि पेरोव्हस्काइट हा शब्द अशा मायेनं उच्चारत की तो त्यांचा आतेभाऊ असावा. "आता नीट बघा. एकशेवीस अंशांच्या वर तापवा, काजू बरोब्बर मध्यावर. सगळीकडून सारखा. देखणा. आणि कवडीच्या कामाचा नाही! आता थंड करा. काजू एका बाजूला जरासा सरकतो. खोकं त्या बाजूनं किंचित लांबतं. आणि तो सरकला, की या पदार्थाच्या वडीत जीव येतो!"

पुस्तकात त्या दिवशी साबण कसा तयार करतात हा धडा असे.

मधल्या सुट्टीत पोरं टायटॅनियम खाऊन टाकत आणि मास्तर कुरकुर न करता दुसरा काजू बांधत. काजूच्या दिवसांत त्यांचं सायन्स जोरात चाले.

या एका सरकलेल्या अणूवर त्यांनी जगाचा सगळा हिशेब बसवला होता. माणसांचे त्यांच्याकडे दोनच प्रकार होते, घन आणि सरकलेला. "हेडमास्तर घन आहेत," ते मला सांगत. "कुठूनही बघा, सारखेच दिसतात." माझं लग्न ठरायच्या वेळी मी मुलगी पाहून आलो, तर दारातच त्यांनी विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "सर्वगुणसंपन्न." ते म्हणाले, "मग नको. एखादा गुण वाकडा असला तर सांग." मी पुन्हा चौकशी केली, तेव्हा कळलं की मुलगी भयंकर रागीट आहे. मास्तरांनी उभ्याउभ्या होकार दिला. त्यांच्या शास्त्राचा प्रत्यय मी अजून घेतो आहे.

त्यांचं एक दुःख होतं. पाच अंशांच्या खाली गेलं की तो पदार्थ आणखी एक रूप घेतो, मधला अणू आपली सरकायची दिशाच बदलतो. "पण तुमच्या कोकणात एवढी थंडी पडते कुठे?" असं ते माझ्याकडे रागानं बघून विचारत, जणू ती व्यवस्था माझ्याकडे होती. शेवटी त्यांना बंदरावर बर्फ सापडला. मासळीच्या पेट्यांत बर्फ भरून त्या लॉरीनं तळेऱ्याच्या नाक्यावरून पुढे जात. हा जन्माचा शाकाहारी माणूस, बांगड्याच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून, मुठीत गोळी धरून उभा राही. "आत्ता वळला असेल," असं पुटपुटे. कोळणी हसून हसून लोळत. घरी आल्यावर ते तीनदा अंघोळ करत, तरी दोन दिवस त्यांच्या बाजूला कोणी बसत नसे.

मुंबईच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत ते काही वर्षं होते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तिथून का आले, याच्या गावात तीन कथा होत्या. एकीत बाई होती, एकीत स्फोट होता आणि तिसरीत दोन्ही. मास्तर तिन्ही कथा आवडीनं ऐकत आणि एकही खोडून काढत नसत.

गावात त्यांचा खरा दोस्त एकच, इब्राहिमचाचा. बापजाद्यांचा मासेमारीचा धंदा. पण चाचाला आवाजाचं वेड. होडीतला हिस्सा विकून त्यानं लाउडस्पीकर आणला होता. बॅटरीवर चालणारा, हातानं चावी द्यायच्या तबकडीयंत्राला जोडलेला, वर पितळी कर्णा. लग्न असो, सत्यनारायण असो, उरूस असो, चाचाचा कर्णा माडावर चढल्याशिवाय कार्य सुरू होत नसे. पावसाळ्यात त्याच्या यंत्राची सुई धरणारा भाग, पिकप म्हणायचे त्याला, हवेतल्या ओलाव्यानं बिघडला. आतला स्फटिक चक्क विरघळून गेला होता. तेव्हा मास्तरांनीच त्याला मुंबईहून नव्या तऱ्हेचा पिकप मागवायला लावला. "याच्या आत माझी वडी आहे," ते छाती फुगवून म्हणाले. "पट्टी करून बसवलेली. सुई तिला हलवते, ती वीज काढते, तुझा कर्णा ओरडतो. भट्टीत भाजलेली असते, कौलासारखी. तुझ्या समुद्राच्या बापालाही दाद देणार नाही."

चाचाच्या पडवीत त्या दोघांची रोज संध्याकाळी बैठक असे. नवा पिकप आला त्याच दिवशी मास्तरांनी तो पडवीत बसून उघडला. आतली पट्टी बघितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागलं नसतं. नखाएवढ्या लांबीची, दोन्ही अंगांना चांदीचा मुलामा दिलेली पट्टी त्यांनी बाहेर काढली, चाचाला दाखवली, मला दाखवली, रस्त्यानं जाणाऱ्या दोन गुराखी पोरांना बोलावून दाखवली. मग अंधार पडला म्हणून ती बशीत ठेवून दिली आणि उद्या बसवू म्हणून घरी आले.

आता कोकणात एक रीत आहे. चुलीच्या बाजूला वायन असतं, म्हणजे चुलीच्याच धगीवर तापणारं जोडभोक. पावसाळाभर आणि त्यानंतरही ज्या ज्या वस्तूला ओल लागायची भीती, ती ती त्याच्या आसपास सुकते. काड्यापेटी, मीठ, पापड, नवऱ्याची टोपी. चाचाच्या बायकोनं, चाचीनं, सकाळी बशीतली ती पट्टी पाहिली. पहिला पिकप ओलीनं गेला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पट्टी खापरीवर ठेवली आणि खापरी वायनावर. भाकऱ्या होईपर्यंत पट्टी छान खरपूस सुकली.

दुपारी मास्तरांनी ती पिकपात बसवली. चाचानं तबकडी लावली. कर्ण्यातून काही येईना. चाचानं बॅटरी बघितली, तारा बघितल्या, सुई बदलली. मास्तरांचं तोंड हळूहळू उतरत गेलं.

"चाची, ही पट्टी रात्री कुठे होती?"

"वायनार ठेवलंय मी," चाची दारातून म्हणाली. "तुमीच सांगलास ना, भाजलेली आसा म्हणान? भाजलेल्याक आणि काय भाजतला?"

या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत उत्तर नाही. मास्तरांनी पट्टी पिकपातून काढून तळहातावर घेतली.

"मास्तरानू," चाचा म्हणाला, "माझा यंत्र मेला काय?"

"मेलं नाही रे. विखुरलं." आणि मग त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात सोपं व्याख्यान दिलं. "हे बघ, पट्टीत एक अणू नसतो, अगणित असतात. कारखान्यात सगळ्यांना एकाच दिशेला सरकवलेलं असतं. चाचीनं तापवली, सगळे मध्यावर गेले. निवाली, तेव्हा पुन्हा सरकले. पण आता जो तो आपापल्या मनानं. तुमच्या गावासारखं. वाडी वाडी एकजूट, पण एक वाडी पूर्वेला ओढते, दुसरी पश्चिमेला. बेरीज शून्य."

"मगे आता?"

"पुन्हा तापवायची. आणि निवताना दोन्ही बाजूंनी जबरदस्त विजेचा दाब द्यायचा, म्हणजे सगळे एकीकडे सरकतात. दाब काढला तरी मग तिकडेच राहतात."

"तुमका येता?"

"येतं," मास्तर म्हणाले.

चाचाला ते पटलेलं दिसलं नाही. देवळाची जत्रा तोंडावर आली होती. जत्रेतला कर्णा ज्याचा, त्याला पुढे लग्नसराईची सगळी बोलावणी मिळत. मुंबईहून दुसरा पिकप येईपर्यंत जत्रा होऊन गेली असती, आणि बांद्याचा एक लाउडस्पीकरवाला केव्हापासून या गावावर डोळा ठेवून होता. होडी तर गेलीच होती. चाचानं यंत्रावर फडकं टाकलं आणि तो आत गेला. त्या दिवसापासून पडवीतली बैठक बंद झाली. मास्तर संध्याकाळी पडवीपर्यंत जात, आणि चाचा दिसला नाही की परत येत.

पट्टीला दाब द्यायचं ठरलं त्याच्या आदल्या दिवशी मास्तर माझ्या खोलीत आले. बसले नाहीत. खिशातली ती गोळी बोटांनी फिरवत म्हणाले, "एक सांगू? मुंबईत माझ्या हातून एकही वडी नीट सरकली नाही. दाब वाढवला की चट्‌ आवाज यायचा आणि मधोमध फुटायची. साहेब म्हणाले, तुमच्या हाताला गुण नाही. म्हणून मी इकडे आलो. ही एकच राहिली, कारण हिला मी दाब दिलाच नाही. चावली तरी हिच्यातून वीज निघायची नाही."

"मग चाचाला 'येतं' कशाला म्हणालात?"

"त्याच्या तोंडाकडे बघून दुसरं काही म्हणता येईना."

मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली. बाई नव्हती, स्फोट नव्हता, नुसत्या फुटलेल्या वड्या होत्या. पट्टी फुटली तर चाचाचं काय, हे मी विचारलं नाही. ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

विजेचा दाब आणायचा कुठून? गावात वीज नव्हती, पण रेडिओ होते. जुन्या वाल्वच्या रेडिओला त्या वेळी विटेएवढी जाड बॅटरी लागे, नव्वद व्होल्टची. अशा सहा-सात एकापुढे एक जोडल्या की काम होणार होतं. सगळे मिळून तेवढेच रेडिओ गावात होते, आणि ते वरच्या वाडीत निम्मे, खालच्या वाडीत निम्मे. या दोन वाड्यांचं पालखीला आधी खांदा कोणी द्यायचा यावरून असं बिनसलं होतं की एकमेकांच्या मयताला जात, पण लग्नाला जात नसत.

मी आणि मास्तर वरच्या वाडीत गेलो. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान ज्याच्याकडे होता, तो म्हातारा गावकार तिथेच राहायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे खालच्या वाडयेची बॅटरी आमच्या बॅटरयेक लागतली?"

"लागल्याशिवाय चालायचं नाही," मास्तर म्हणाले. "हिचं धन तिच्या ऋणाला."

"ह्या जमाचा नाय."

मी म्हटलं, "मग जत्रेला बांद्याचा कर्णा बोलवावा लागेल."

गावकार ताडकन उठला. "बांदेकाराचो कर्णो? आमच्या देवळात? जीव गेलो तरी नाय! घेवन जावा बॅटरे!" खालच्या वाडीत मी माझं तेच वाक्य पुन्हा बोललो. तिथे तर त्यांनी रेडिओसकट बॅटऱ्या दिल्या.

चाचाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, दुसऱ्या दिवशी सकाळीच चूल मांडली. गाव लोटला होता. दोन वाड्या दोन बाजूंना, मधे चूल. हेडमास्तरही आले होते, शाळेचा माणूस काय तमाशा करतोय ते बघायला. दोनच बॅटऱ्या जोडून झाल्या होत्या तेव्हा त्यांनी विचारलं, "यात काही धोका?" आणि उत्तराची वाट न बघता दोन टोकांना दोन बोटं लावली. पुढचं त्यांनी बसूनच पाहिलं.

चुलीवर तवली चढली, माशाची कढी करायचं मातीचं भांडं. तिच्यात खोबरेल. तारा बांधलेली पट्टी तेलात सोडली. शाळेचा थर्मामीटर एकशेदहा अंशांवर संपायचा, म्हणून मास्तरांनी एका परीक्षानळीत चिमूटभर गंधक घालून ती तेलात उभी केली. गंधक वितळलं की समजायचं, उंबरठ्याशी आलो. आणखी थोडी धग आणि आत. सगळा गाव श्वास धरून गंधकाकडे बघत होता. ते पिवळं पाणी झालं तेव्हा कोणीतरी टाळी वाजवली. मास्तरांनी आणखी दोन लाकडं सारली, थोडा वेळ थांबले, मग बॅटऱ्यांची शेवटची तार जोडली आणि लाकडं ओढून घेतली. "आता नुसतं निवू द्यायचं," ते म्हणाले. 

काही करायचं नसलं की कोकणी माणूस अस्वस्थ होतो. गावकार पुढे आला, त्यानं तवलीपुढे नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोन्ही बाजूंनी ओ आली.

"आज ह्या तुझ्या गावच्या इब्राहिमाचा यंत्र मुका झालाहा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पट्टयेत जे कोण जीवजंतू आसत, ते चार दिशांक तोंडा करून बसलेहत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो वाकडो आसात तेका वाट दाखय, आणि जो सरळ आसात तेका मास्तर सांगतत तसो वायच वाकडो कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

चट्‌!

मास्तर पांढरेफटक पडले.  चाचा दारात उभा होता, त्यानं चौकट घट्ट धरली. मास्तरांनी तवलीत वाकून बघितलं, पण तेलात काही दिसेना. मग चुलीतून आणखी एकदा चट्‌ झालं आणि एक निखारा उडून हेडमास्तरांच्या पायाशी पडला. ओलं लाकूड होतं. खालच्या वाडीतला एक जण हसला, मग वरच्या वाडीतला, आणि मग सगळेच. मास्तर तेवढे हसले नाहीत. तवलीच्या कडेला हात लावून ते उकिडवे बसून राहिले, तेल गार होईपर्यंत.

दुपार कलल्यावर त्यांनी पट्टी बाहेर काढली, पुसली, पिकपात बसवली. स्क्रूड्रायव्हर त्यांनी माझ्या हातात दिला आणि स्क्रू मी पिळला. चाचा पुढे झाला. त्यानं यंत्रावरचं फडकं काढलं, चावी दिली, तबकडी फिरायला लागली. सुई टेकवली.

काही नाही.

मास्तरांनी डोळे मिटले. तेवढ्यात चाची दारातून ओरडली, "अवो, यंत्राची बॅटरी जोडल्यात काय?" घाबरलेल्या चाचानं खरंच जोडली नव्हती. त्यानं तार खोचली, आणि माडावरून सनई अशी काही कोसळली की खळ्यातले कावळे उडाले. आधी जरा चिरकी, मग भरदार. दोन्ही वाड्यांतून एकच आरोळी उठली. गावकारानं नारळ फोडला.

चाचा मास्तरांकडे वळला. इतक्या दिवसांत तो त्यांच्याशी बोलला नव्हता. त्यानं सनई थांबवली, यंत्राचा माइक उचलला आणि मास्तरांच्या तोंडापुढे धरला. "बोला मास्तरानू. गाव आयकता."

मास्तरांनी माइक दोन्ही हातांनी धरला. वर्गात, स्टाफरूममध्ये, मासळीबाजारात ज्या माणसाला थांबवता येत नसे, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. नुसता श्वास येत होता, ओला, अडखळणारा, आणि तो श्वास कर्ण्यातून माडांवरून पार बंदरापर्यंत जात होता. बंदरावरून येणारे लोक वाटेत थांबून वर बघायला लागले.

चाचानं हळूच त्यांच्या हातातून माइक काढून घेतला, दुसरा हात त्यांच्या खांद्यावर टाकला आणि जत्रेत हरवलेल्या पोराची सूचना द्यावी त्या आवाजात गावाला सांगितलं, "मास्तर रडतत. कोणी हसा नको. तेंचा रडान झाला की दुसरी रेकॉड लावतंय."